दोन पाटे कमी

मी एक जुनी डिझेल पिकअप गाडी आहे, मित्रांनो, आणि माझे दोन पाटे कमी आहेत. माणसात कुणी जरा वेडगळ असला की त्याचा एखादा स्क्रू ढिला आहे असं तुम्ही म्हणता. माझं तसं चेष्टेचं नाही, खरोखरचं आहे. खाली वाकून कुणीही मोजून घ्यावं.

पाटे म्हणजे काय ते आधी सांगते. मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून घट्ट बांधलेल्या असतात. मालाचं सगळं ओझं त्याच पेलतात. पट्ट्या जास्त तेवढी गाडी दणकट, आणि दणकट तेवढीच कडक. मला दोन्हीकडे सात-सात होत्या, आता पाच-पाच उरल्या आहेत. म्हणून मी रस्त्यावरून डुलत जाते आणि पोरं मागून हसतात. हसू द्यावं. त्यांना कुठं माहीत आहे?

कारखान्यातून मी निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. हिंगणघाटच्या हिरालाल शेठ नावाच्या धान्यवाल्या व्यापाऱ्यानं मला घेतलं. शेठजींना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी नत्थूजींना ड्रायव्हर ठेवलं. माझ्या सुकाणूवर पहिला हात पडला तो नत्थूजींचाच. नऊ वर्षांनी शेठजींनी नवी गाडी आणली आणि मला विकायला काढलं, तेव्हा नत्थूजींनीच मला मागून घेतलं. ड्रायव्हरचा मालक झाला आणि मी हिंगणघाट सोडून वर्ध्याला, बोरगाव मेघेत राहायला आले. नत्थूजींनी माझ्या कपाळावर निळ्या रंगात लेकीचं नाव लिहून घेतलं, 'दीपमाला'. दीपमाला तेव्हा लग्न होऊन पुलगावला गेली होती. घरातलं नाव घराबाहेर पडू नये म्हणून ते माझ्यावर आलं असावं.

ते दिवस भरभराटीचे होते. समुद्रपुराकडचं सोयाबीन, सेलूची केळी, आर्वीची संत्री आणि हंगामात कापूसच कापूस. कापूस वजनाला हलका दिसतो, पण तुडवून भरला की चांगला हत्तीएवढा होतो. मी कधी कुरकुर केली नाही. एखाद्या शुक्रवारी गल्लीतली मंडळी भरून गिरडच्या टेकडीला जायची, दर्ग्यावर माथा टेकून संध्याकाळी परतायची. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यावर दुसऱ्या गाड्या चिखलात रुतल्या की लोक म्हणायचे, "नत्थूभाऊची दीपमाला बोलवा." मला फार बरं वाटायचं. स्तुती कुणाला नको असते?

नत्थूजींच्या बायकोचं नाव सुलोचना. बोरगावात तिच्या हातच्या ब्लाउजला तोड नव्हती. टाका इतका बारीक आणि सरळ, की शिवण कुठून सुरू झाली ते शोधावं लागायचं. ब्लाउजच्या काठात एक सुई नेहमी खोचलेली असायची. सुई जवळ नसली की मले उघडंनागडं वाटते, असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मशीनवर वाकून वाकून पाठ दुखते, असं समजून वर्षभर तिनं बाम चोळला. मग पाय बधिर व्हायला लागले. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले, तेव्हा मणक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी पंचवीस शेक सांगितले. हे शेक म्हणजे गरम पाण्याच्या पिशवीचे नव्हेत. मोठ्या यंत्राखाली निजवून किरणं देतात, त्यालाच आमच्याकडे शेक म्हणतात. रोज एक, रविवार सोडून. दवाखान्यात राहायला खाट रिकामी नव्हती, म्हणून जाऊन-येऊन करायचं ठरलं. डॉक्टरांनी एकच बजावलं. बाईंना बसवून आणू नका, निजवून आणा आणि हादरा लागू देऊ नका.

पहिल्या दिवशी नत्थूजींनी माझ्यात गादी घातली आणि तिला निजवलं. मी रिकामी होते. मित्रांनो, माल वाहणारी गाडी रिकामी असली की कशी उडते, ते रिकाम्या ट्रकमध्ये बसलेल्यालाच कळतं. बोरगावहून सावंगीपर्यंत सतरा ब्रेकर आहेत. सुलोचनाबाई पहिल्या ब्रेकरला ओरडली, दुसऱ्याला ओरडली आणि तिसऱ्यानंतर तिचा आवाजच आला नाही. नत्थूजींनी मला कडेला घेतलं, मागं येऊन पाहिलं. तिच्या ओठातून रक्त आलं होतं. ज्या दणकटपणाचा मला गर्व होता, त्याची त्या दिवशी मला लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी मला हेमराजच्या शेडमध्ये उभं केलं. हेमराज हा वेल्डिंगवाला, नत्थूजींचा बालपणाचा दोस्त. बोलण्यात फाटका, हाताचा सोन्यासारखा.

"हेमराज, हिले मऊ करून दे," नत्थूजी म्हणाले.

"गाडी आहे का गादी आहे?" हेमराज म्हणाला. मग दोस्ताचं तोंड पाहून त्यानं विडी विझवली. "पाटे काढा लागते. पण काढले तर कापूस नाई भरता येणार. हंगाम तोंडावर आला, समजून राह्यलं ना तुले?"

"समजते. काढ."

तर असे माझे पाटे निघाले. नत्थूजींनी ते तेल लावून गोणपाटात गुंडाळले आणि घरी खाटेखाली सरकवून ठेवले. पुढचं काम म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरण्याचं होतं. नवं काही आणायचं नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवलेलं. रिकामी गाडी उडू नये म्हणून मागच्या चाकांच्या बरोबर वर रेतीची सहा पोती बांधली. ही जुन्या ड्रायव्हरांची युक्ती आहे, वजन असलं की गाडी जमिनीला धरून राहते. भंगारात निघालेल्या एसटीच्या सीटांचा फोम आला. ट्रकच्या फाटक्या ट्यूब कापून त्यांच्या पट्ट्यांवर बाज टांगली, म्हणजे उरलासुरला हादरा रबरानं गिळावा. जुन्या मंडपाचे पाइप वाकवून वर छत केलं आणि त्यावर कुठल्या तरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स उलटं करून ताणलं. उन्हात पुढाऱ्याचं तोंड आतल्या बाजूनं अंधुक दिसायचं. सुलोचनाबाई म्हणायची, एवढं जवळून त्यानं मतं मांगाले बी कधी पाह्यलं नव्हतं.

मग नत्थूजी म्हणाले, केबिनला मागून खिडकी पाड. हेमराजनं माझ्या पाठीचा पत्रा कापला. मला दुखलं नाही असं म्हणणार नाही. पण त्या खिडकीतून नत्थूजींचा आवाज मागं जाऊ लागला आणि तिचा पुढं येऊ लागला. वर एक आरसाही बसवला, त्यात तिचा चेहरा दिसायचा. फक्त चेहरा. हात दिसत नव्हते. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी राहिला बाजेच्या उजव्या अंगाचा पाइप. आधारासाठी तो हवा होता, पण थंडीत हाताला लागला असता. नत्थूजींनी तो घरी आणून त्यावर फोम गुंडाळला आणि वर जुन्या सीटचं तपकिरी रेक्झिन शिवायला घेतलं. सुलोचनाबाई घरात पडल्या पडल्या सूचना देत होती.

"अजी, टाका आडवा नोका घालू. अशानं उसवते."

"तू पडून राह्य ना चूप."

"जन्मभर शिलाईवालीच्या घरात राह्यले, न् टाका पाहा तुमचा. बैल मुतल्यावानी."

खरंच वाकडा होता. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू द्या. आता याले हात नोका लावू. मस्त झालं."

त्यानंतरचे बारा-तेरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. विचित्र वाटेल तुम्हाला, पण खरं सांगते. मी संथ चालायचे. सतराच्या सतरा ब्रेकर मी पाठ केले होते. बजाज चौकातल्या गर्दीत रिक्षावाले मागून भोंगे वाजवायचे, नत्थूजी हात बाहेर काढून त्यांना पुढं काढून द्यायचे. तीस वर्षांच्या संसारात हे नवराबायको एवढे बोलले नसतील, तेवढे त्या खिडकीतून बोलले. एकीनं पडून राहायचं आणि एकानं हळू जायचं, एवढंच तर काम होतं.

मग कापसाचा हंगाम सुरू झाला. वर्ध्याच्या रस्त्यांवर माझ्यासारख्या गाड्या फुगून फुगून जाऊ लागल्या. लोक नत्थूजींना विचारायला यायचे आणि नाही ऐकून जायचे. औषधं तर थांबत नव्हती. घरात सुलोचनाबाईच्या मशीनची खडखड बंद, बाहेर माझं भाडं बंद. घर कसंबसं तोललेलं होतं आणि ते तिला पडल्या पडल्या दिसत होतं.

चौदाव्या शेकाला जाताना ती खिडकीतून म्हणाली, "अजी, आता दुखत नाई मले."

"खरंच?"

"मंग काय खोटं सांगतो मी? शेकानं फरक पडला. तुमी पाटे लावा न् कापूस भरा. सकाळी मले नेजा, दुपारून भाडं माराजा."

नत्थूजींनी मला थांबवलं आणि आरशात पाहिलं. आरशात तिचा चेहरा हसत होता. दुसऱ्या दिवशी जातानाही त्यांनी विचारलं आणि येतानाही. ती म्हणाली, "किती वेळा इचारता? नाई दुखत." त्या रात्री ती एक भाकर जास्त जेवली म्हणे. नत्थूजींनी विश्वास ठेवला. ज्याच्यावर विश्वास ठेवल्यानं सुटका होते, त्याच्यावर माणूस लवकर विश्वास ठेवतो. मी त्यांना दोष देत नाही.

पाटे परत बसले. सकाळी बाज टांगायची, दुपारी उतरवायची आणि पाइप झाकेपर्यंत त्याच छताखाली कापूस तुडवून भरायचा. रेतीची पोती तर कायमची काढली, कापसात रेती गेलेली जिनिंगवाल्याला चालत नाही. सकाळी मी पुन्हा रिकामी आणि कडक. रबरी पट्ट्या होत्या, फोम होता, नत्थूजी हळूच चालवत होते. पण मित्रांनो, मी मघाशी सांगितलंच, रिकामी गाडी उडते.

सोळाव्या शेकाला, पहिल्याच ब्रेकरवर, तिचा उजवा हात त्या पाइपवर आला. पंजा एवढा घट्ट आवळला की नखं रेक्झिनमधून फोमात गेली. वर आरशात तिचा चेहरा शांत होता. खिडकीतून आवाज आला, "दुखते का वं?" ती म्हणाली, "नाई. चला तुमी." आवाज अगदी रोजच्यासारखा होता. पण पाइप माझा आहे आणि तो हात माझ्यावर होता. मला सगळं कळत होतं.

भोंगा माझा, पण तो दाबायला माणूस लागतो. ब्रेक माझा, पण पाय दुसऱ्याचा. किती वाटलं की बंद पडावं, इंजिन गरम व्हावं, पंक्चर व्हावं. पण हेमराजनं नको एवढी नीट दुरुस्ती केली होती. सतरा ब्रेकर जाताना, सतरा येताना. आणि त्यांना ती नाही, नाही म्हणत राहिली.

दवाखान्यात पोचलं की नत्थूजी कार्ड घेऊन रांगेत जायचे. नंबर यायला वेळ लागायचा. जाताना त्यांनी छताचा मागचा पडदा ओढून घेतला की ती ब्लाउजच्या काठातली सुई काढायची. दोरा पदराचाच ओढून घ्यायची. उताणी पडल्या पडल्या, नजर छताकडे, बोटांनी चाचपून, नखांनी फाटलेलं रेक्झिन ती शिवून टाकायची. नत्थूजी येईपर्यंत सुई परत काठात गेलेली असायची.

पंचवीस शेक पुरे झाले. पंचविसाव्या दिवशी नत्थूजींनी येताना पेढे घेतले आणि यंत्रावरच्या बाईंना, वॉचमनला, हेमराजला दिले. त्या हंगामात कापूस मी पुष्कळ वाहिला. औषधं आली, उधारी झाली नाही. सुलोचनाबाई मात्र उठली नाही. थंडी सरता सरता एका सकाळी, चहा गाळताना नत्थूजींनी तिला हाक मारली आणि ती बोलली नाही. डॉक्टर आधीच म्हणाले होते की गाठ पसरलेली आहे, शेकानं दिवस वाढतील, जास्त काही नाही. म्हणजे माझ्या हादऱ्यांनी ती गेली असं नव्हे. पण तिच्या उरलेल्या दिवसांतली दहा सकाळी मी दुखवल्या, हे मला विसरता येत नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खुर्च्या आणि सतरंज्या माझ्यातूनच आल्या. भंतेजींनी परित्राण पाठ म्हटला, दीपमालानं आईच्या फोटोला मेणबत्ती लावली. पाहुणे गेल्यावर नत्थूजी माझं छत खोलायला आले. आता ते कशाला ठेवायचं? एकेक बोल्ट काढत उजव्या पाइपाशी पोचले आणि पान्हा हातातच राहिला.

पाइपवर त्यांचा वाकडा टाका होता, एक लांब, एक आखूड. आणि मधे, बरोबर हात पोचेल तिथे, वीतभर जागेत बारीक, सरळ, एका ओळीत टाके होते. एक ओळ, तिच्याखाली दुसरी, तिसरी. मोजल्या तर दहा भरल्या. तो टाका ओळखायला नत्थूजींना चष्मा लागला नाही. त्यांच्या अंगावरचा सदराही त्याच हाताचा होता.

त्यांनी एका ओळीत नख घालून पाहिलं. खाली रेक्झिन फाटलेलं होतं, चार नखांची चार भोकं. त्यांनी स्वतःचा पंजा त्यावर ठेवला आणि आवळला. मग ते माझ्या फळीवर बसले. मोठ्यानं रडले नाहीत. नुसतं म्हणत होते, "मी इचारलं होतं वं. मी रोज इचारत होतो." दीपमाला बाहेर आली, बापाजवळ बसली, तिनंही त्या ओळी पाहिल्या आणि तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी जॅक लावला आणि पाटे काढले. हेमराजला हात लावू दिला नाही. हेमराज शेवटी म्हणाला, "आता काऊन काढतं बाप्पा? आता मांग कोण निजणार आहे?" नत्थूजी पाटे गोणपाटात गुंडाळत राहिले. छताचे बोल्ट परत आवळले, रेतीची पोती परत आली, बाज परत टांगली गेली. तेव्हापासून मी कापूस वाहिलेला नाही. किरकोळ भाडं मारते, भाजीचे कॅरेट, एखादं कपाट. जिनिंगवर माझं नाव आता कुणी काढत नाही. आरटीओत पासिंगच्या वेळी साहेब माझ्या पाठीतली खिडकी पाहून डोक्याला हात लावतात. वय झालंच आहे. पुढच्या खेपेला सोडतील की भंगारात धाडतील, सांगता येत नाही.

पण मागच्या महिन्यातली गोष्ट सांगून थांबते. शेजारच्या धुरपता मावशी अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, सावंगीलाच ऑपरेशन झालं. त्यांना घरी आणायला नत्थूजी मला घेऊन गेले. मावशींना बाजेवर निजवलं, परतीला लागलो. पहिला ब्रेकर गेला. खिडकीतून नत्थूजींनी विचारलं, "दुखते का मावशी?"

"नाई बाप्पा. चाल तू."

नत्थूजींनी मला तिथेच कडेला घेतलं. खाली उतरले, मागं आले आणि पडदा बाजूला केला. मावशींच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं. हात पाइपवर होता, बरोबर त्या दहा ओळींवर, आवळलेला.

 त्यांनी तो हात हळूच सोडवून आपल्या हातात घेतला. "मावशी," ते म्हणाले, "दुखते म्हणा. दुखते म्हटलं तर मी हळू चालवतो. नाई म्हटलं तर मले काही समजत नाई."

मावशींचे डोळे भरून आले. "दुखते रे बाबू," त्या म्हणाल्या. "लय दुखते."

"हो," नत्थूजी म्हणाले. "बस, एवढंच पाह्यजे होतं."

मग आम्ही चालत्या माणसाच्या गतीनं निघालो. मागं भोंग्यांची रांग लागली. उरलेल्या सोळा ब्रेकरना मावशी मोठ्यानं ओरडल्या, आणि प्रत्येक वेळी नत्थूजी खिडकीतून "हो मावशी, हो" म्हणत राहिले.

मित्रांनो, मी लोखंडाची गाडी, मला काय उपदेश करता येणार? तेल-पाणी वेळेवर घाला, हवा तपासा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागते. तुमच्या घरात कुणी दुखत नाही म्हणालं, तर पुन्हा विचारत बसू नका. जवळ जा, आणि त्याचा हात कुठं आहे ते पाहा.